कऱ्हेकाठच्या वाड्याची मोजणी

शुक्रवार

पुण्याहून सासवड सुमारे ३० किलोमीटरवर आहे. पण हडपसरच्या वाहतुकीतून सुटून दिवे घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंतच प्रवासाचा निम्मा वेळ खर्ची पडतो. आषाढवारीत माउलींची पालखी ज्या घाटाने चढते तोच हा घाट. चढताना खाली मस्तानी तलाव दिसतो आणि माथा ओलांडला की पुरंदरची कोरडी, बोचरी हवा अंगावर येते. पौषाचे दिवस होते. रस्त्याकडेला अंजिराच्या पाट्या मांडून बायका बसल्या होत्या आणि शेतांतली ज्वारी हुरड्यावर आली होती.

आमचे काम सासवडच्या पुढे, कऱ्हेच्या काठच्या एका गावात होते. गावाचे आणि घराण्याचे नाव घरच्यांच्या इच्छेवरून येथे देत नाही. गावठाणाच्या मध्यावर त्यांचा जुना, दुमजली, विटांचा वाडा आहे आणि तो अजून राहता आहे. त्याच्या चार वाटेकऱ्यांपैकी दोघांना तो दुरुस्त करून टिकवायचा आहे, एकाला तो उतरवून तेथे सिमेंटचे घर बांधायचे आहे, आणि चौथ्याने आपले मत अद्याप उघड केलेले नाही. वाडा राहो वा जावो, तो आज जसा उभा आहे तसा कागदावर उतरवून ठेवावा, एवढ्यापुरते मात्र चौघांचे एकमत झाले होते आणि त्या एकमताच्या बळावर आम्ही निघालो होतो. माझ्याबरोबर वास्तुकलेचे शिक्षण घेणारे दोन विद्यार्थी होते आणि सासवडकडचे एक वयस्कर गवंडी होते. त्यांना सगळा परिसर मामा म्हणतो, म्हणून आमचेही ते मामाच.

अशा घरांची नोंद करण्याची घाई का असते, हे एकदा सांगून टाकतो. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा असे प्राचीन स्मारकांविषयीचे दोन कायदे आहेत. पण त्यांचे संरक्षण मिळते ते रीतसर अधिसूचना काढून स्मारक म्हणून जाहीर केलेल्या वास्तूंना. पुण्यासारख्या महापालिकेकडे वारसा वास्तूंची श्रेणीवार यादी असते. खेड्यातल्या राहत्या वाड्याचे नाव सहसा अशा कोणत्याच यादीत नसते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये त्याची आकारणी असते, तेथे भिंती कशाच्या आणि छप्पर कशाचे एवढे कळते आणि सरकारी कागदावरची त्याची ओळख तेथेच संपते. पुढचे सारे मालकाची इच्छा, त्याची ऐपत आणि भाऊबंदकी यांच्यावर ठरते.

दिंडी दरवाज्यातून वाकून आत शिरलो तेव्हा देवडीत घरातल्या सर्वांत थोरल्या आजी बसल्या होत्या. आमच्या हातांतल्या फिती, फळ्या आणि तिपाई पाहून त्यांनी नमस्कार घेण्याच्या आधीच विचारले, "पाडायला मोजताय का राखायला, ते आधी सांगा." मी म्हणालो, "आजी, आम्ही नुसते मोजायला आलोय. पुढचं तुमच्या घरच्यांनी ठरवायचं." त्यावर त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग देवघरापासनं धरा." मोजणीच्या शास्त्रात देवघरापासून सुरुवात करण्याचे काही कारण नाही, पण न करण्याचेही नाही; आम्ही देवघरापासून धरले.

संध्याकाळपर्यंत कोणतेही माप न घेता नुसता वाडा फिरलो. देवडीतून चौक, चौकाच्या तीन बाजूंना सोपे, म्हणजे खांबांवरच्या उघड्या ओसऱ्या, समोर माजघर, त्याच्या एका अंगाला देवघर आणि दुसऱ्या अंगाला कोठीची खोली, अशी रचना आहे. वर जाणारा जिना भिंतीच्या जाडीतच काढलेला आहे आणि तो इतका अरुंद आहे की खांद्याला पिशवी लावून चढता येत नाही. दर्शनी सोप्याचे खांब सागवानी, सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारख्या निमुळत्या घाटाचे आहेत. ते घडीव दगडी तळखड्यांवर उभे आहेत आणि वर महिरपींच्या टोकांना केळफुले कोरलेली आहेत. हे सगळे पाहताना डोळा सुखावतो. त्याच चौकात डोक्याइतक्या उंचीची सिमेंटच्या ठोकळ्यांची, वाटणीची एक भिंतही उभी आहे, तिने चौकाचे दोन तुकडे केले आहेत आणि तुळशीवृंदावन एका तुकड्यात राहिले आहे. या भिंतीने पुढे आमचे बरेच बोलणे खाल्ले.

शनिवार

सकाळी दिंडी दरवाज्याच्या उंबऱ्यापासून माजघराच्या उंबऱ्यापर्यंत सूत ताणून आधाररेषा पक्की केली. नंतर पारदर्शक नळीत पाणी भरून प्रत्येक खांबावर एकाच पातळीची खडूची खूण केली. पुढची सारी उंचीची मापे या खुणेपासून वर आणि खाली घ्यायची असतात, कारण जुन्या घराची जमीन कधीच समपातळीत नसते आणि जमिनीपासून उंची मोजणारा माणूस घराबरोबर स्वतःही खचत जातो. खुणा पूर्ण झाल्यावर लगेच दिसून आले की पश्चिमेच्या सोप्याच्या खांबांचे तळखडे पूर्वेच्या तुलनेत साडेतीन सेंटिमीटर खाली गेले आहेत. उघड्या डोळ्यांना हे कोणालाच जाणवले नव्हते.

लेसरचे यंत्र आमच्याकडे होते आणि लांब अंतरांसाठी ते वापरलेही. तरी मोजणीचा मुख्य भार फितीवरच राहिला. एकाने फितीचे शून्य धरायचे, दुसऱ्याने आकडा मोठ्याने वाचायचा, तिसऱ्याने तो पुन्हा मोठ्याने म्हणत लिहायचा, हा क्रम कंटाळवाणा असला तरी मोडायचा नसतो. भिंतीवरची दारे, खिडक्या, कोनाडे यांची मापे सुटी सुटी न घेता एकाच शून्यापासून सलग घ्यावी लागतात. नाहीतर प्रत्येक तुकड्यातली लहानशी चूक साठत जाऊन भिंतीच्या शेवटी हातभर होते. चार बाजू मोजल्या म्हणजे खोली मोजली असेही होत नाही. कर्ण घेतल्याशिवाय ती खोली काटकोनात आहे की तिरपी, हे कळत नाही. या वाड्याच्या चौकाचे दोन कर्ण ११ सेंटिमीटरने वेगळे भरले. आराखडा काढणाऱ्याला अशा वेळी कोपरा सरळ करून टाकण्याचा मोह होतो, कारण सरळ कोपरा कागदावर देखणा दिसतो. तो मोह आवरणे हाच या कामाचा अर्धा भाग आहे.

त्या मोहाचेच दुसरे रूप दुपारी पुढे आले. विद्यार्थ्यांपैकी एकीने विचारले, "सर, ही चौकातली भिंत आणि सोप्यातला पत्र्याचा आडोसा आराखड्यात घ्यायचा का? मूळ वाडा कळायला अडचण होते." प्रश्न रास्त होता. जुन्या वास्तूंची चित्रे आपण पाहतो ती बहुधा अशीच, नंतरचे सारे पुसून काढलेली असतात. माझे मत याविषयी ठाम आहे. पहिला आराखडा आज उभे असलेल्या घराचा असला पाहिजे. त्यात वाटणीची भिंत, पत्र्याचा आडोसा, सोप्यात घुसवलेली मोरी, विजेच्या मीटरची पेटी आणि खांबाला ठोकलेला दुधाच्या किटलीचा खिळा, सगळे आले पाहिजे. मूळ रचनेचा अंदाज बांधायचा असेल तर तो वेगळ्या कागदावर, तुटक रेषेने आणि अंदाज म्हणून बांधावा. वाड्याला जे दुखते ते नंतरच्या भरींमध्येच दडलेले असते. भरी पुसल्या की दुखण्याचे कारणही पुसले जाते. तिला हे पूर्णपणे पटले असे वाटले नाही, पण तिने ती भिंत आराखड्यात रेखाटली आणि ठोकळ्यांचे थरही मोजून काढले.

दुपारनंतर देवघर, माजघर आणि वरच्या मजल्याची दालने झाली. कोठीच्या खोलीला कुलूप होते. ती चौथ्या वाटेकऱ्याची नसून वाडा उतरवू इच्छिणाऱ्या चुलतभावाच्या वाटणीची होती आणि किल्ली त्याच्याबरोबर पुण्यात होती.

रविवार

चुलतभाऊ साडेदहाला दुचाकीवरून आले. खोली उघडायला ते नाखूश असतील, ही आमची धास्ती व्यर्थ ठरली. त्यांनी कुलूप काढले, आतले बारदान स्वतः बाहेर ओढले आणि नंतर दिवसभर फितीचे शून्य धरून उभे राहिले. वाडा का नको, तेही त्यांनी काम करता करता सांगितले. पावसाळ्यात चार ठिकाणी भांडी ठेवावी लागतात, उंदीर आवरत नाहीत, घरात स्वच्छतागृह नाही, आणि मुले सुट्टीतसुद्धा येथे मुक्कामाला तयार होत नाहीत. यातली एकही तक्रार खोटी नाही. जुन्या घरांवर प्रेम करणारे आम्ही लोक अशा तक्रारी ऐकून मान डोलावतो आणि आराखड्यात त्यांना जागा देत नाही, हे बरे नव्हे. या वेळी शेवटच्या कागदावर त्यांच्यासाठी एक रकाना ठेवला.

कोठीच्या खोलीत गिलावा बहुतेक ठिकाणी गळून पडला होता आणि त्यामुळेच ती खोली आमच्या दृष्टीने घरातली सर्वांत मोलाची ठरली. विटा उघड्या होत्या. दर्शनी अंगाच्या भिंतीतली वीट पातळ आहे, जाडी जेमतेम चार सेंटिमीटर. कडा वेड्यावाकड्या, अंगात भाताच्या तुसाचे जळालेले बारीक पोकळ ठसे, आणि रंग एकसारखा नाही. काही विटा गर्द तांबड्या, काही जास्त भाजून काळपट झालेल्या, काही पिवळट आणि कच्च्या. मामांनी कोपऱ्यात पडलेल्या दोन विटा उचलून एकमेकींवर हलकेच आपटल्या. तांबड्या विटेचा आवाज खणखणीत आला, पिवळटीचा बद्द आला. "भट्टीच्या कडंची हाय," पिवळट विटेकडे पाहून ते म्हणाले, "आत घालायची, भाईर न्हाई." भिंत तपासली तेव्हा बांधणाऱ्यानेही तेच केले होते असे दिसले. बाहेरच्या तोंडाला निवडक भाजलेली वीट होती आणि पोटात कच्ची वीट, भेंडे म्हणजे मातीचे न भाजलेले ठोकळे, व पांढरीची, म्हणजे गावठाणातली चुनखडीयुक्त, माती भरलेली होती.

मागच्या अंगाची वीट निराळी आहे. तिची जाडी सात सेंटिमीटरच्या आसपास असून कडा साच्यातून निघाल्याप्रमाणे सरळ आहेत. आज मानक म्हणून सांगितली जाणारी वीट १९० गुणिले ९० गुणिले ९० मिलिमीटरची असते. म्हणजे मागची वीट पातळ पूर्वजापेक्षा आजच्या विटेला जवळची. एकेका विटेचे माप फसवे असते, म्हणून दहा थरांची एकत्र उंची मोजायची असते, म्हणजे सांध्यांतल्या मालाची जाडीही हिशेबात येते. ती मापे भिंतीनिहाय घेत मागे सरकलो, तेव्हा पातळ विटेचे थर आणि जाड विटेचे थर जेथे भेटतात ती जागा सापडली.

जमिनीपासून वरच्या कडीपाटापर्यंत, म्हणजे लाकडी छतापर्यंत, तेथे सरळ उभी सांध आहे. एकाही थरात डावीकडची वीट उजवीकडे गुंतलेली नाही. विटेच्या भिंतीत सांधे आलटून-पालटून येतात तेव्हा भिंत एकजीव होते. येथे तसे नाही, म्हणून जुने घर आधीच उभे होते आणि नवे बांधकाम त्याला नुसते टेकवले गेले, हे निश्चित झाले. जुन्या भागाचा बाहेरचा कोपराच आता खोलीच्या आत आला आहे आणि त्या कोपऱ्याच्या दगडी जोत्यावर, म्हणजे भिंतीखालच्या चौथऱ्यावर, पावसापाण्याने झिजलेली कडा हाताला लागते.

या सांधेतूनच वाड्यातली सर्वांत मोठी भेग वर गेली आहे. आजींना विचारले तर त्या लगेच म्हणाल्या, "ती भूकंपाची. मी नवी नवरी व्हते. पहाटंची येळ, समदी भांडी फळीवरनं खाली आली." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला आणि त्याचा धक्का पुणे जिल्ह्यातही चांगलाच जाणवला होता, त्यामुळे आजींच्या आठवणीत शंका घेण्यासारखे काही नाही. मात्र धक्क्याने भिंत फुटली असे म्हणण्यापेक्षा, जी दोन बांधकामे कधी जोडलेलीच नव्हती ती त्या पहाटे एकमेकांपासून सुटली, असे म्हणणे अधिक नेमके आहे. चुलतभावाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा होता. भिंत फाटली म्हणून घर धोक्याचे झाले, असे ते आजवर धरून चालले होते. भेगेत जुने कोळिष्टक आणि धूळ भरलेली आहे, कडा बोथट झाल्या आहेत आणि ताजी फूट कोठेही नाही. तरी निव्वळ तर्कावर विसंबायचे नाही म्हणून मामांनी भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या आणि त्यांवर तारीख घातली. भेग हलली तर काच तडकेल.

सोमवार

रात्री उशिरा आलेल्या थंडीने सकाळी भिंतींवरचा ओलावा अधिक स्पष्ट दिसत होता, आणि सोमवारचा सारा दिवस पश्चिमेच्या भिंतीने घेतला.

पुणे परिसरातल्या वाड्यांची रीत अशी की खाली काळ्या पाषाणाचे घडीव जोते आणि वर विटांचे काम. शनिवारवाडा हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. १७३० साली पायाभरणी होऊन १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या त्या वाड्याच्या बुरुजांचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे. दगडी वाडा बांधण्याचा मान साताऱ्याच्या छत्रपतींचाच, म्हणून वरचे काम विटांचे केले, अशी आख्यायिका त्याविषयी सांगतात. आख्यायिका काहीही असो, खेड्यातल्या घरात या रीतीचे कारण व्यवहाराचे आहे. काळा पाषाण पाणी फारसे शोषत नाही आणि वीट भरपूर शोषते. म्हणून जमिनीचा ओलावा आणि पावसाचे उडणारे पाणी जेथपर्यंत पोहोचते तेथपर्यंत दगड, त्याच्या वर वीट. जोत्याची उंची हे घराचे पाण्यापासूनचे अंतर आहे.

पूर्वेला जोत्याचे पाच थर मोजले. पश्चिमेला, गल्लीच्या बाजूने, दोनच दिसले. आजी म्हणाल्या की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा गल्लीतून सोप्यावर चढायला पाच पायऱ्या होत्या आणि पाचवीवर बसून बायका धान्य निवडत. आता दोन पायऱ्या उरल्या आहेत. गल्लीवर आधी मुरूम पडला, मग खडी, मग काँक्रीट आणि काही वर्षांनी पहिल्या काँक्रीटवर दुसरे काँक्रीट. रस्ता करताना जुना थर खरवडून काढण्याऐवजी त्याच्यावर नवा चढवला जातो, हा अनुभव एकट्या या गावाचा नाही. जोत्याच्या तीन थरांएवढी उंची गाडली गेली, आणि गल्लीचा उतारही भिंतीकडे वळला.

मामांनी परवानगी घेऊन भिंतीला लागून वीतभर रुंदीचा खड्डा खणला. काँक्रीटखाली मुरूम, मुरुमाखाली काळपट ओली माती, आणि तिच्याआड जोत्याचा तिसरा थर त्याच्या मूळच्या छिन्नीच्या खुणांसह शाबूत. मातीची मूठ वळली तर ती तशीच राहत होती, आणि पाऊस थांबून तीन महिने उलटले होते.

आत जे दिसत होते त्याचा उलगडा या खड्ड्यामुळे झाला. पश्चिमेच्या भिंतीला आतून छातीच्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा आहे. तो एका ठेकेदाराने केलेला आहे. ओल येते म्हणून जुना गिलावा खरवडून त्याने हे पक्के काम करून दिले, असे घरातल्या थोरल्या काकांनी सांगितले. त्याच्या बरोबर वर, म्हणजे जेथे सिमेंट संपते आणि चुन्याचा जुना गिलावा सुरू होतो तेथे, लोण्याचा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेल्या क्षारांचा, पांढरा पट्टा सलग गेला आहे. बोट फिरवले की विटेची तांबूस भुकटी आणि क्षार हातावर येतात, पिठीसाखरेइतके बारीक. सिमेंटच्या गिलाव्यावर थाप मारली तर बहुतेक ठिकाणी पोकळ आवाज येतो. एका सुटलेल्या तुकड्याला मामांनी थापीच्या टोकाने जरासे उचलले, तर तो हातभर रुंदीचा पापुद्रा विटांची तोंडे पाठीला चिकटवून घेऊनच सुटून आला.

यामागची क्रिया समजून घेण्यासारखी आहे. वीट जमिनीतून पाणी वर ओढते आणि पाण्याबरोबर विरघळलेले क्षारही वर येतात. चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून ते पाणी वाफेने बाहेर जाते. क्षार गिलाव्याच्या पृष्ठभागावर जमतात, गिलावा काही वर्षांनी खराब होतो आणि तो बदलला की झाले. गिलाव्याने झिजायचे आणि विटेने राहायचे, हा त्या बांधकामाचा हिशेब आहे. सिमेंटचा दाट थर वाफेची वाट अडवतो. मग पाणी आणखी वर चढते, जेथे वाट मिळेल तेथे बाहेर पडते, आणि क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या पाठीमागे, विटेच्याच अंगात वाढून तिचे तोंड फोडतात. ओल थांबवण्यासाठी केलेल्या कामाने ओल थांबली नाही, ती वर सरकली. काकांना हे सांगितल्यावर ते जरा वेळाने म्हणाले, "म्हणजे पैसे देऊन दुखणं वाढवलं की." ते खरे होते, पण त्यांचा दोष त्यात नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणालाही विचारले असते तरी सिमेंटच सांगितले असते, आणि आजही बहुतेक जण तेच सांगतील.

जुन्या सांध्यांतला माल कशाचा, हे पाहण्यासाठी विद्यार्थ्यांनी स्वयंपाकघरातून लिंबू आणले. चुन्यावर आंबट रस पडला की तो फसफसतो. दर्शनी तोंडाचे सांधे चांगले फसफसले. पोटातली पांढरीची मातीही किंचित फसफसली, पण तेवढ्यावरून तीत चुना कालवला होता असे लिहिता येत नाही, कारण पांढऱ्या मातीत चुनखडीचे कण मुळातच असतात. एका विद्यार्थ्याने ‘चुना’ असे लिहून टाकले होते. तेथे ‘चुनखडीयुक्त माती, तोंडाला चुन्याच्या दरजा (सांध्यांची भर)’ अशी दुरुस्ती केली. मालाचे चिमूटभर नमुने पुड्यांत बांधून, कोणत्या भिंतीच्या कोणत्या थरातून घेतले ते वर लिहून, प्रयोगशाळेसाठी ठेवले.

चुन्याची घाणी या गावात होती का, असे मामांना विचारले. त्यांनी लहानपणी सासवडजवळ एक चालू पाहिली होती. गोल दगडी चरात चुना आणि वाळू टाकायची, बैलाने दगडी चाक फिरवायचे आणि माल लोण्यागत मऊ होईपर्यंत मळायचा. त्यांच्या वडिलांनी त्यात गुळाचे पाणी घातलेले त्यांना आठवते. हे काम येणारे हात आता फार थोडे राहिले आहेत, आणि मामांचा मुलगा फरशी बसवतो.

मंगळवार

दिवसभर छपरात. वर मंगलोरी कौले आहेत आणि बहुतेकांच्या पाठीवर कारखान्याचा छाप आहे. मंगळूरला बाझेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला. तेव्हा हे छप्पर त्यानंतरचेच. पण पोटमाळ्यावर एका कोपऱ्यात नळीच्या कौलांची चळत रचून ठेवलेली सापडली आणि जुन्या भागाच्या वाशांवर त्या कौलांच्या दाट रिपांचे खिळे अजून आहेत. जुने छप्पर नळीच्या कौलांचे होते आणि नंतर ते बदलले, हे त्यामुळे स्पष्ट झाले. नव्या भागाच्या वाशांवर असे खिळे नाहीत. कोठीच्या खोलीतली उभी सांध आणि छपरातले खिळे एकच गोष्ट सांगत होते.

तुळयांच्या टोकांना, खांबांच्या हस्तांवर, म्हणजे तुळई पेलणाऱ्या लाकडी आधारांवर, छिन्नीने पाडलेल्या रेघा आहेत. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. ज्या खांबाच्या डोक्यावर तीन रेघा त्यावरच्या तुळईलाही तीन. सुताराने सांगाडा आधी जमिनीवर जुळवून पाहिला, खुणा केल्या आणि मग उभारला. पश्चिमेच्या सोप्यात मात्र एका ठिकाणी दोन रेघांच्या खांबावर पाच रेघांची तुळई आहे. कधीतरी एखादी तुळई काढून दुसरीकडची तेथे बसवली असावी, म्हणून ती आराखड्यात वेगळ्या रंगाने दाखवली.

वाटणीच्या भिंतीचा खरा उपद्रव वरून कळतो. दोन पाख्यांचे पाणी जेथे एकत्र येते ती पन्हळ नेमकी या भिंतीच्या माथ्यावर येते. पन्हळीचा पत्रा सडून जाळी झाला आहे. ती दोन्ही वाटण्यांच्या मध्ये असल्याने ती दुरुस्त करणे हे कोणाचेच काम राहिले नाही, आणि पाणी खालच्या तुळईच्या टोकावर पडत राहिले. लोखंडी सळई टोचली तर तेथे ती बोटभर आत जाते. तेथून दोन हात सरकले की तेच सागवान सळईला दाद देत नाही. खचलेल्या पश्चिम बाजूकडे आता दोन्हीकडून पाणी येते, खालून गल्लीचे आणि वरून पन्हळीचे. चौकातली भिंत आराखड्यातून गाळली असती तर हे कागदावर कोठे दाखवले असते, असे मी त्या विद्यार्थिनीला विचारले नाही. तिने आपणहून छपराच्या आराखड्यात भिंतीची रेषा ठळक केली होती.

बुधवार

सकाळी ऊन चढण्याआधी छायाचित्रे पुरी केली. सावल्या कडक झाल्या की विटांचे थर हरवतात, म्हणून हे काम पहाटेच्या विखुरलेल्या उजेडातच करावे लागते. प्रत्येक चित्रात मागच्या चित्राचा निम्म्याहून अधिक भाग यायला हवा, म्हणजे संगणकाला ती जुळवून भिंतीची मापात बसणारी प्रतिमा तयार करता येते. प्रत्येक चौकटीत मापपट्टी ठेवली. गिलाव्याच्या आड काय आहे ते मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यासाठी मामांची थाप आणि कानच लागतात, म्हणून पोकळ आवाजाच्या जागा खडूने आखून मग पुन्हा चित्रे घेतली.

थोरल्या काकांनी एका पत्र्याच्या पेटीतून मोडी लिपीतले कागद काढून दाखवले. ते उलगडायला गेलो असतो तर घड्यांवर तुटले असते. म्हणून जसे होते तसे वरून छायाचित्रण करून पेटीत परत ठेवले आणि पुण्यात मोडी जाणणाऱ्याकडून ते वाचून घेण्याचे ठरवले. वाडा पेशवाईतला आहे, असे घरात सगळे सांगतात. कागद वाचले जाईपर्यंत आमच्या आराखड्यावर काळ लिहिला जाणार नाही. ‘आधीचा भाग’ आणि ‘मंगलोरी कौलांच्या काळातला भाग’ एवढेच लिहिले जाईल.

दुपारी चौकात, वाटणीच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून, सर्व वाटेकऱ्यांची बैठक झाली. कच्चे आराखडे दाखवले. वाडा राखायचा की उतरवायचा, या प्रश्नाला मी हात घातला नाही, कारण तो आमचा नव्हता. पावसाळ्याआधी करता येतील अशी थोडी कामे तेवढी मांडली. मृगाच्या आत पन्हळीचा पत्रा बदलावा. पश्चिमेच्या भिंतीवर एक मीटर रुंदीच्या पट्ट्यात सिमेंट काढून वीट एक पावसाळा उघडी ठेवावी आणि दिवाळीनंतर तेथे चुन्याचा गिलावा करून पाहावा. साधले तर पुढे जावे. गल्लीचा उतार भिंतीपासून दूर वळवण्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा आणि त्याला जोत्याच्या थरांची दोन्हीकडची मापे जोडावीत. मागच्या परसात, मुख्य भिंतींना हात न लावता, स्वच्छतागृह कोठे बसते तेही आखून दिले.

चुलतभावांनी त्या शेवटच्या आकृतीकडे बराच वेळ पाहिले आणि दाराची बाजू बदलून मागितली. वाडा उतरवण्याविषयीचे आपले मत त्यांनी बदललेले नाही, हेही त्यांनी सर्वांदेखत सांगितले. पन्हळीचा खर्च मात्र दोन्ही वाटण्यांनी निम्मा-निम्मा उचलायचा, असे त्यांनी मोजणीच्याच एका कच्च्या कागदाच्या पाठीवर लिहून दिले, आणि उठायच्या आत आजींनी त्याच्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या.